नजर दिली होती

सायकलींच्या शर्यतींत एक प्रकार असा आहे की त्यात दोघांतला अधिक वेगवान कोण हे ठरवायचे असते, आणि त्याचा आरंभ मात्र जवळजवळ न हलण्याने होतो. लाकडी फळ्यांचा लंबवर्तुळाकार मार्ग, वळणांवर भिंतीसारखा उभा झालेला. त्यावर स्वार दोन आणि फेऱ्या तीन. सायकलीला ब्रेक नसतो. चाक फिरते तोवर पायडल फिरत राहते, अशी तिची घडण. पहिल्या दोन फेऱ्या हे दोन बलदंड गडी जेवणानंतर शतपावली घालावी तशा काढतात. कारण साधे आहे. जो पुढे असतो तो वारा अंगावर घेतो, आणि मागचा त्या आडोशाने आपले बळ राखून येतो. शिवाय मागच्याला पुढचा सदैव दिसतो; पुढच्याला मागचा पाहायचा तर मान वळवावी लागते. म्हणून पुढे होण्याची घाई कोणालाच नसते. कित्येकदा पुढचा चाक किंचित तिरके करून जागच्या जागी उभाच राहतो. पाय पायडलवर, हात हँडलवर, शरीर निश्चल. मागच्याने तसेच थांबावे किंवा कंटाळून पुढे व्हावे, हा त्यातला हेतू. नियमाने ह्या थांबण्याला अर्धे मिनिट मिळते, आणि एका शर्यतीत ते फार तर दोनदा.

ज्याची ही हकिकत, तो ह्या अर्ध्या मिनिटाचा स्वामी होता. उंच, लांब मानेचा, बोलण्यात काटकसरी. थांबला म्हणजे पाण्यात रोवलेल्या काठीसारखा थांबे. सोबत्यांनी त्याला ‘बगळा’ म्हणायला केव्हा सुरुवात केली हे कोणाला आठवत नाही. पण ते नाव इतके चिकटले की शर्यतीची नोंदणी करणारा कारकूनही त्याच्या खऱ्या नावापाशी अडखळे. संस्कृतात ‘बकध्यान’ हा शब्द ढोंगासाठी योजतात. ह्या माणसाविषयी बोलताना मात्र तो शब्द कोणी उच्चारलाच, तर स्वरात आदर असे.

दिवसा तो तराजू दुरुस्त करी. दुकानाच्या मागे एक अरुंद दालन होते. उंचावरच्या खिडकीतून सावलीचा, न हलणारा उजेड येई. भिंतीवर खिळ्यांना दांड्या टांगलेल्या, मखमलीच्या खाचांत पितळी वजने बसवलेली. ती चिमट्यानेच उचलायची. बोटाचा ओलावा लागला तरी वजन खोटे होते. औषधवाल्यांचे आणि सोनारांचे नाजूक काटे त्याच्याकडे येत. दांडी ज्या धारेवर डोलते ती धार भिंगाखाली घासायची, दांडी तिच्यावर ठेवायची, आणि काटा शून्यावर येऊन विसावेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. वीस वर्षे त्याने हे केले. हाताला आणि मनाला जे वळण तिथे लागले, तेच संध्याकाळी फळ्यांवर उतरत असावे.

आता ह्या मंडळींच्या बोलीतला एक शब्दप्रयोग समजून घ्यायला हवा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. मार्गावर सायकली डावीकडे वळत धावतात, त्यामुळे चढण नेहमी उजव्या हाताला असते. मागचा स्वार संधी पाहतो ती तिथून, उंचावरून. आणि पुढचा त्याच्यावर लक्ष ठेवतो ते उजव्या खांद्यावरून. ह्या वळून पाहण्याला ते ‘नजर देणे’ म्हणत. नजर देणे म्हणजे नुसते बघणे नव्हे. पुढच्याने मागच्याला जणू वचन दिले, की तू कुठे आहेस हे मला कळले आहे. आता तू खुशाल झेप घे, मी आंधळेपणाने तुझ्या वाटेत येणार नाही. नियमांच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेले नव्हते. पण नजर न देणाऱ्याजवळून जाताना प्रत्येक जण हातभर अंतर राखी, आणि नजर मिळाली की अंगाला अंग घासून जाई. ताशी पासष्ट किलोमीटरच्या वेगात माणसे ह्या एका विश्वासावर जीव टाकीत.

ह्या माणसाच्या उजव्या डोळ्याची दृष्टी एका सकाळी, कामाच्या मेजावर बसल्या बसल्या गेली. वेदना झाली नाही. भिंगातून पाहताना काट्याचे टोक सापडेना, म्हणून त्याने भिंग पुसले. पुन्हा पुसले. मग डावा डोळा मिटून पाहिले, तेव्हा दालनाच्या मध्यभागी धुरकट कापड लोंबत होते आणि कडेला खिडकीचा थोडासा उजेड उरला होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, “आतली एक शीर तुंबली आहे. गेलं ते परत येणार नाही. दुसरा डोळा जपा. जड उचलणं, श्वास कोंडून जोर करणं, सगळं बंद.”

“सायकल?”

“बाजारातून भाजी आणायला चालेल.”

त्याने मान डोलावली, कागद घडी करून खिशात ठेवला, आणि त्याच संध्याकाळी तो फळ्यांवर गेला.

त्यानंतरच्या दीड वर्षात त्याने जे साधले त्याला कौशल्य म्हणावे की अपराध, हे ठरवणे कठीण आहे. उजवीकडचे पाहायला आता डावा डोळाच उजवीकडे न्यावा लागे. म्हणून तो मान इतकी वळवी की हनुवटी खांद्याला टेके. वेग कमी असतानाच हे शक्य होते. वेग वाढला की एवढी मान वळवणारा तोल गमावतो. म्हणून वेग वाढण्याआधी मागे पडणे त्याला अपरिहार्य झाले. पुढे राहणे म्हणजे अंधारात राहणे. तो थांबे, आणखी थांबे, समोरच्याच्या मांड्यांचे स्नायू थरथरू लागेपर्यंत थांबे. आणि तो वैतागून पुढे झाला की त्याच्या मागच्या चाकाला आपला डावा डोळा बांधून निघे. ह्या दीड वर्षात त्याने जितक्या शर्यती जिंकल्या तितक्या आधीच्या पाच वर्षांत जिंकल्या नव्हत्या. नवे स्वार त्याचे थांबणे पाहायला कठड्याशी गर्दी करीत. काय संयम, म्हणत. संयम तर होताच. पण त्याचे मूळ कुठे होते, ते एकालाही सुचले नाही.

पत्नीला कळले ते पंधराव्या दिवशी. ती उजवीकडून त्याच्यापुढे चहाचा कप धरून उभी होती, आणि तो हात पुढे करीना.

“घेताय ना? की इथेही उभं राहायची स्पर्धा आहे?”

तो दचकला. त्या दचकण्याने तिला सगळे सांगितले. ती समोर येऊन बसली. तिने आपला हात त्याच्या उजव्या डोळ्यासमोर हळूच फिरवला, जसा कोणी झोपलेल्याच्या तोंडावरची माशी हाकलतो.

“केव्हापासून?”

त्याने सांगितले. मग बेतही सांगितला. तराजूच्या कामात एका डोळ्यावर वर्ष, दीड वर्ष निभेल. मालक आत्ताच म्हणू लागले होते की तुम्ही हल्ली एकेक काटा तीनतीनदा का तपासता. मार्गावरचे म्हातारे शिक्षक, ज्यांना सगळे ‘वस्ताद’ म्हणत, ते पुढच्या मोसमानंतर निवृत्त होणार होते. त्यांची जागा मिळाली तर कडेला उभे राहून शिकवायचे. त्याला एक डोळा पुरतो. पण वस्तादांनी स्पष्ट बजावले होते, “समिती नाव मागेल. मी तुझं देईन. पण त्या मोसमाचा विजेता हो. हरलेल्या माणसाला पोरं विचारत नाहीत.”

“म्हणजे तोवर कोणाला सांगायचं नाही,” ती म्हणाली.

“एकच मोसम.”

“धाकट्याला तरी सांगा. तो घरचा आहे.”

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तोही त्याच फळ्यांवरचा स्वार. छापखान्यात कागद कापण्याचे यंत्र चालवी. चढणीच्या अगदी टोकावर, कठड्याला खेटून रेंगाळायचे आणि तिथून खाली सुटायचे ही त्याची रीत. म्हणून त्याला ‘गोफण’ म्हणत.

“त्यालाच सांगायचं नाही,” नवरा म्हणाला. “त्याला कळलं तर तो नेहमी उजवीकडूनच येईल.”

“तो नेहमी उजवीकडूनच येतो,” ती म्हणाली. पण तिने वचन दिले. हे वचन देताना तिने काय पणाला लावले ते तिला तेव्हा उमगले होते काय, हे सांगता येणार नाही. माणूस घरातल्या एकाला जपण्यासाठी गप्प बसतो तेव्हा दुसऱ्याचा विचार मनात आला तरी त्याला दाराबाहेर थांबायला सांगतो.

मेहुणा सुटीच्या दिवशी जेवायला येई. आला की घराचा आवाज वाढे.

“ताई, तुला ठाऊक आहे? भावजींचा फोटो काढायला गेलेला फोटोग्राफर ‘हलू नका’ म्हणत नाही. त्यांनाच विचारतो, ‘अहो, जिवंत आहात ना?’”

“लग्नाच्या फोटोत मात्र हललेत,” ती वाढता वाढता म्हणाली. “नाकाच्या जागी नुसता धूर आहे.”

“घाबरले असतील.”

“तुला पाहून,” नवरा म्हणाला. “म्हटलं, हा पण येणार की काय राहायला.”

मेहुणा हसता हसता ठसकला. मग पाणी पिऊन गंभीर झाला. शर्यतीचा विषय निघाला की तो असाच एकाएकी गंभीर होई. “नाही, पण भावजी, मी तुमचा पुरता अभ्यास केलाय. बाकीचे चोरून बघतात. डोळ्याच्या कोपऱ्यातून, चोरासारखे. तुम्ही आख्खं तोंड फिरवता. हनुवटी खांद्याला लागते तुमची! मागच्याला वाटतं, ह्याने माझ्या आतलं सगळं वाचलं. निम्मी माणसं तिथेच हरतात. मी तरी हीच नजर सगळ्यांना शिकवतो. द्यायची तर अशी द्या म्हणतो.”

“आणि तू स्वतः?”

“मी नाही घाबरत. मला आवडते. तुमची नजर मिळाली की मला एकदम मोकळं वाटतं. बापाने हात सोडून ‘जा आता’ म्हणावं ना, तसं.”

बहीण भांडे आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मोसमाच्या अंतिम लढतीत हे दोघेच उरले. तीनपैकी दोन शर्यती जिंकणारा विजेता. पहिली त्याने नेहमीसारखी जिंकली: थांबून, मेहुण्याला पुढे काढून, शेवटच्या वळणानंतर त्याच्या सावलीतून बाहेर येऊन. सायकलीवरून उतरताना मेहुणा धापा टाकत म्हणाला, “एक वेळ खांब हलेल, भावजी.” आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

दुसऱ्या शर्यतीसाठी पंचांनी चिठ्ठ्या पुढे केल्या. आतली बाजू ज्याला येते त्याने पुढे राहून निघायचे असते. चिठ्ठी त्याला आतल्या बाजूची आली. त्याने ती दोनदा वाचली.

पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात तो थांबला. मेहुणाही थांबला. वर्षभर त्याने हेच एक साधले होते. छापखान्याच्या अंगणात, रोज सकाळी, भिंतीवर घड्याळ टांगून. अर्धे मिनिट संपले, पंचांनी हात केला, पुढच्याला हलणे भाग पडले. दुसऱ्या फेरीत तो पुन्हा थांबला. मेहुणा चढणीवर, कठड्याजवळ, तितकाच निश्चल. प्रेक्षकांत शांतता पसरली. दोन माणसे श्वास धरून उभी आणि हजार माणसे त्यांच्याकडे श्वास धरून पाहत. पुन्हा पंचांचा हात. थांबण्याचे दोन्ही हक्क संपले. ज्या जागी जायचे नाही म्हणून दीड वर्ष त्याने साऱ्या युक्त्या केल्या, त्या जागी, म्हणजे पुढे, तो शेवटच्या फेरीत शिरला, आणि घंटा वाजू लागली.

लोक एकदम ओरडले. एरवी मागच्या चाकाची फळ्यांवरची घरघर त्याच्या कानाला लागे आणि तिच्यावरून तो अंतर ताडी. त्या गदारोळात तीही बुडाली. वेग चढला होता. शेवटच्या वळणाच्या तोंडाशी त्याने सवयीने मान वळवली, पण वेगात ती अर्धीच वळू शकली. चेहरा मेहुण्याच्या दिशेला आला. त्या चेहऱ्यावर त्या बाजूचा जो डोळा होता, तो मेला होता. त्याला धुरकट कापड दिसले. त्याने मानले, मेहुणा अजून वर, मागे, दबा धरून आहे. मग मेहुण्याला लांबचा फेरा पडावा म्हणून त्याने आपले चाक तळाच्या लाल रेघेबाहेर, जिच्या आत शेवटच्या धावेत पुढच्याने राहायचे असते, किंचित वर सरकू दिले. किंचित म्हणजे दोन वीत.

मेहुण्याने मात्र ते वळलेले तोंड पाहिले होते. नजर मिळाली होती. तो सुटला होता.

धातूवर धातू घासल्याचा एक बारीक आवाज झाला. मेहुण्याचे पुढचे चाक अडले, तो उडून फळ्यांवर आदळला, आणि त्या तिरप्या लाकडावरून त्याचे शरीर व सायकल एकमेकांत गुंतून घसरत खाली आली. फळीचा एक लांब ढलपा उखडून त्याच्या मांडीत शिरला होता. त्याचा पाय खुब्यातून ज्या दिशेला वळला होता ती दिशा पायाची नसते. पुढचा मात्र डगमगला, सावरला आणि समाप्तीची रेघ ओलांडून गेला. मागे काय पडले, हे त्याला रेघ ओलांडल्यावर कळले.

त्या वळणावरच्या पंचाच्या आणि सायकलींच्या मध्ये नेमका एक खांब आला होता. कॅमेरा होता तो फक्त समाप्तीच्या रेघेवर. फळ्यांवरचा ओरखडा पाहिला तर तो लाल रेघेच्या आत सुरू झालेला दिसला. खरे तर घसरताना धातू आधी तिथे टेकला होता. उपान्त्य लढतीत मेहुण्याला धोकादायक झेपेबद्दल एकदा ताकीद मिळाली होती. सगळे जुळले. तासाभरात मुख्य पंचांनी निर्णय सांगितला: मागच्याने पुढच्याच्या वाटेत घुसून धडक दिली, शर्यत व विजेतेपद पुढच्याचे, मागच्यावर एक वर्षाची बंदी. दोघांचे जबाब दुसऱ्या दिवशी दुपारी घ्यायचे आणि मग कागद कायम करायचा. वस्ताद त्याच्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वाईट झालं. पण पोरगा नेहमीच उतावळा. सोमवारी येऊन चाव्या घे.”

इस्पितळात पत्नी शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर बसली होती. तिने त्याला पाहिले, आणि जागा करून दिली नाही. तो उभा राहिला.

“खुब्याचा चुरा झालाय,” ती म्हणाली. “चालेल म्हणतात. काठी घेऊन.”

मग तिने विचारले, “त्याची चूक ठरवली ना तुम्ही लोकांनी?”

“पंचांनी.”

“शुद्धीवर आला की पहिलं हेच विचारील, ताई, माझं चुकलं का? लहानपणी काही फुटलं की हेच विचारायचा. त्याने फोडलेलं नसलं तरी.” तिने त्याच्याकडे पाहिले. “काय सांगू, ते मला आत्ता सांगून ठेवा.”

तो इस्पितळाच्या पायऱ्या उतरला आणि घरापर्यंत पायी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीच्या खोलीत जबाब टंकलिखित होऊन तयार होता. तो अनुपस्थितही राहू शकला असता. खाली नाव लिहून कागद पाठवला असता तरी चालणार होते. मुख्य पंच वृद्ध होते, पूर्वी शाळेत गणित शिकवीत. त्यांनी कागद वाचून दाखवला. ‘मी माझ्या वाटेतच होतो’ ह्या वाक्यापाशी तो म्हणाला, “थांबा.”

“काय?”

“मी वर सरकलो होतो. रेघेच्या बाहेर. दोन वीत.”

पंचांनी चष्मा काढला. “नजर दिली होतीस?”

“दिली होती.”

“म्हणजे तो तुला दिसला होता. आणि तरी तू सरकलास.” आवाज एकदम थंड झाला. “तू काय बोलतोयस ते कळतंय ना? ही चूक राहत नाही. मुद्दाम पाडलंस, असा ह्याचा अर्थ होतो.”

आपल्या भाषेत ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ ह्या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या आहेत. पाहणे माणसाच्या हाती असते. दिसणे त्याच्या हाती नसते. त्या मंडळींच्या बोलीने मात्र दोन्ही एकाच शब्दात बांधले होते. नजर दिली म्हणजे दिसलेच, ह्यात संशयाला जागाच ठेवली नव्हती, कारण तशी जागा लागेल असे कोणाला कधी वाटले नव्हते.

“नजर दिली,” तो म्हणाला. “दिसला नाही.”

“म्हणजे?”

त्याने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. पंचांनी मेजावरची पट्टी उचलून त्याच्यासमोर धरली.

“काय आहे माझ्या हातात?”

“हात दिसत नाही, सर. तुम्ही समोर आहात, ते बोलताय म्हणून कळतं.”

पट्टी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“केव्हापासून?”

“दीड वर्ष.”

“दीड वर्ष,” पंच म्हणाले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. बहुधा त्या काळात ह्याच्याबरोबर फळ्यांवर उतरलेली माणसे. “कोणाकोणाला ठाऊक होतं?”

“डॉक्टरांना.”

“घरी?”

“नाही,” तो म्हणाला. ह्या जबाबातले हे एकच असत्य होते, आणि ते त्याने सर्वांत स्थिर आवाजात सांगितले.

कागद फाडला गेला, दुसरा लिहिला गेला. मेहुण्यावरची बंदी आणि दोष दोन्ही पुसले. विजेतेपद कोणालाच दिले नाही. त्याचा परवाना कायमचा रद्द झाला. वस्ताद दारातच भेटले. “माझ्या पोरांच्या मधून तू आंधळा फिरत होतास,” एवढेच ते म्हणाले, आणि बाजूला झाले. माणसाला वाट द्यावी तसे नव्हे, एखाद्या वस्तूला लागू नये म्हणून होतात तसे. बातमी तराजूच्या दुकानात त्याच्या आधी पोचली. मालक भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला मागच्या दालनातून काढून पुढे, आलेला माल नोंदवण्याच्या जागी बसवले. काट्यांना हात लावू नका, असे तोंडाने म्हणाले नाहीत. भिंग तेवढे दुसऱ्याच्या मेजावर ठेवले.

चौथ्या दिवशी मेहुण्याला बोलता येऊ लागले. दोघे त्याच्या खाटेपाशी गेले. त्याचा पाय वजने लावून ताणून ठेवला होता. चेहरा चार दिवसांत दहा वर्षांनी वाढला होता. तरी त्याने हसण्याचा प्रयत्न केला.

“बघा भावजी, आता मीही हलत नाही.”

त्याने स्वतःच ते हसू आवरले.

“पंच आले होते काल. सांगितलं त्यांनी.” तो छताकडे पाहत होता. “तुम्ही तोंड वळवलं होतं. मी बघितलं. मला भास झाला नव्हता ना?”

“नाही. नजर दिली होती.”

“मग माझं चुकलं नाही.”

“तुझं काही चुकलं नाही.”

त्याने डोळे मिटले. त्याच्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला, इतका मोठा की खाटेची वजने हलली. बहिणीने त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग मिटलेल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, “एकदा बोलला असतात तर मी डावाच बदलला असता. तुमच्याजवळ आलोच नसतो. किंवा मागून हाक मारली असती, ‘भावजी, आलो’ म्हणून. हरलो असतो, काय बिघडलं असतं.”

“तू उजवीकडून येशील असं वाटलं मला.”

“मुद्दाम?” त्याने डोळे उघडले. “आंधळ्या बाजूने? तुमच्या?”

ज्या मेहुण्याला तो दीड वर्ष सर्वांत जास्त भ्याला होता, त्याला तो ओळखतच नव्हता.

“ताई,” मेहुणा म्हणाला, “तुला ठाऊक होतं?”

नवऱ्याने तोंड उघडले. “तिला नाही. मी कोणालाच...”

“होतं,” ती म्हणाली. “पहिल्यापासून.” तिचा हात अजून त्याच्या कपाळावर होता. “घंटा झाली तेव्हा मी कठड्याशी येऊन ओरडले. ‘वर राहा, वर राहा’ म्हणून. लांब राहावंस म्हणून ओरडले रे.”

“ऐकलं मी,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू मला डाव सांगतेस. वर राहिलो म्हणून तर एवढ्या जोरात खाली आलो.”

त्याने मान फिरवून तिचा हात कपाळावरून खाली पडू दिला. तेवढीच हालचाल त्याला शक्य होती. “आता जा,” तो म्हणाला. “भावजी, तुम्ही जा. ताई, तूही.”

ती रोज जात राहिली. डबा दाराशी परिचारिकेच्या हाती द्यायची, बाकावर बसायची, रिकामा डबा घेऊन परतायची. नवरा दुकान सुटल्यावर येई आणि फाटकापाशी थांबे. दोघे बरोबर घरी जात. अकराव्या दिवशी परिचारिका बाहेर येऊन म्हणाली की पेशंटने बहिणीला आत बोलावलं आहे. ती उठली, पदर सावरला आणि दाराशी जाऊन वळली. त्या दिवशी नवरा फाटक सोडून वरपर्यंत आला होता.

“आणि मला?” त्याने परिचारिकेला विचारले.

तिने हातातल्या कागदाकडे पाहिले, जणू त्यावर ते लिहिलेले असेल. “फक्त बहीण म्हणालेत,” ती म्हणाली. दार लागले. तो पुन्हा खाली गेला.